चिकूच्या बिया

भाचीची मुलगी मे महिन्यात डहाणूला आली आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळली. सोबत आणलेलं खेळणं मोडलं होतं. "आजी, नवीन घेऊ या ना," अशी भुणभुण सुरू झाली. मी तिला घेऊन समुद्रावर सुरूच्या बनात गेले. तासाभरात पिशवी भरली. सुरूची बोंडं, शिंपले, गुळगुळीत गोटे. परतताना ताडगोळेवालीकडून गर काढून घेतलेली दोन फळं मागून घेतली. काडीच्या दोन टोकांना ती दोन चाकं, मधे दुबेळक्याची काठी. गाडी अंगणभर पळू लागली.

ही युक्ती माझी नाही, आणि तिच्यामागे इथला मोठा वारसा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं महागडी; वारली पाड्यावर ती कुठून यायची? मग ताराबाईंनी पाड्यातच शोधलं. बिया, शिंपले, दगड, पानं यांचीच साधनं झाली. मूल शाळेत येईना म्हणून शाळाच त्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा. जवळ काय नाही यापेक्षा जवळ काय आहे, हे पाहणारी ती नजर मला फार मोलाची वाटते.

ही नजर पाड्यावर आधीपासून होतीच. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचा लेप, वर गेरू. तांदूळ वाटून पांढरा रंग, बांबूची काडी टोकाशी चेचून कुंचला. लग्नाचा चौक बायका अशाच लिहीत आल्या. फुंकून वाजवायचा तारपासुद्धा भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून होतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचं हे वारली चित्र जगभर नेलं; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तलासरीकडच्या पाड्यांत सिमेंटची घरं वाढली आहेत. त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. दरवर्षी भिंती लिंपायच्या म्हणजे बाईच्या कंबरेचा काटा ढिला होतो, आणि पावसात गळणाऱ्या घरात कुणी का राहावं? वाईट वाटतं ते शहरांतल्या दिवाणखान्यांचं. तिथे तीच तारप्याची नाचरी माणसं प्लास्टिकच्या ट्रेवर छापलेली दिसतात. चित्र उचललं, रीत मागेच राहिली.

माझ्या घरी उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाची रांगोळी असते, मुंग्यांना खाता येते. तांदळाचं धुवण कढीलिंबाला जातं. चिकूच्या बिया तेवढ्या आजवर सालींबरोबर खड्ड्यात टाकत होते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बीकडे मात्र मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पोरीने पाहिलं. काळी, चकचकीत, कडेला पांढरी रेघ. तिने त्या धुतल्या, वाळवल्या, पडवीत दहा-दहाच्या ओळी मांडल्या. मग त्यांचा मोर केला. पिसाऱ्यात शिंपले.

परवा ती गेली. आज सकाळी तिचा फोन आला, "आजी, पडवी झाडलीस का?"

नाही झाडली.