खेळाडूची टीसी कोणाच्या मुठीत?

धनजचा पोरगा बारावी झाला की त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. एक कारंज्याला जातो, दुसरा अमरावतीला. अंगात खेळ असेल तर अमरावती गाठ, असे जाणती माणसे सांगतात. तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, मैदान आहे, शिकवणारे आहेत. पण घरच्या परिस्थितीमुळे जो पोरगा आधी मिळेल त्या कॉलेजात बसला आणि वर्षभराने खेळासाठी दुसरीकडे जातो म्हणाला, त्याचे काय होते? आम्ही वकिली करतो म्हणून असे आईबाप आमच्याकडे येतात. "साहेब, पोराची टीसी अडली," एवढेच त्यांचे म्हणणे असते. टीसी का अडली? तर शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून. आणि पैसे न येण्यात पोराचा काय गुन्हा? काहीच नाही.

हा प्रश्न एका गावाचा किंवा एका कॉलेजचा नाही. संस्था मोठी की विद्यार्थी, हा तो प्रश्न आहे. अमेरिकेत तो बास्केटबॉलच्या मैदानावरून थेट कोर्टात गेला आणि तिथे साक्षीला उभा राहिला एक आदिवासी खेळाडू. ती हकीकत आपल्या लोकांना माहीत असली पाहिजे.

त्या खेळाडूचे नाव रेक्वान बॅटल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील तुलालिप या मूळनिवासी जमातीचा हा तरुण. २०१९ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला व दोन हंगाम खेळला. २०२१ मध्ये तो मोंटाना स्टेट विद्यापीठात गेला. तिथे त्याचा खेळ बहरला. २०२२ आणि २०२३ अशी दोन्ही वर्षे त्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. २०२३ मध्ये त्याने पुन्हा विद्यापीठ बदलून वेस्ट व्हर्जिनिया गाठले. तिथे मात्र त्याला बाकावर बसवण्यात आले. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने २०२१ पासून खेळाडूला एकदा कॉलेज बदलण्याची मोकळीक दिली होती. दुसऱ्यांदा बदलले तर एक वर्ष सामना खेळायचा नाही, असा दंडक होता. बॅटलने सवलत मागितली, ती नाकारली गेली.

आता दुसरी बाजू बघा. मोंटानात त्याला शिकवणारे प्रशिक्षक डॅनी स्प्रिंकल त्याच २०२३ मध्ये युटा स्टेटला गेले. तिथे एक हंगाम काढला आणि २०२४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक झाले. एका वर्षात दोनदा विद्यापीठ बदलले, पण एक दिवसही घरी बसावे लागले नाही. बॅटलला वेस्ट व्हर्जिनियात घेणारे प्रशिक्षकही हंगाम सुरू होण्यापूर्वीच राजीनामा देऊन गेले. गुरू कोठेही जाऊ शकतो, शिष्याने मात्र जागचे हलायचे नाही! आपल्याकडे या न्यायाला काय म्हणतात, ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

डिसेंबर २०२३ मध्ये सात राज्यांनी मिळून या दंडकाला आव्हान दिले. वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयात न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांच्यापुढे सुनावणी झाली. बॅटलने साक्ष दिली आणि १३ डिसेंबरला न्यायालयाने दंडक स्थगित केला. आधार कोणता? खेळाच्या नियमांचा नव्हे, तर १८९० च्या मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याचा. त्या आदेशातील एक बारकावा आमच्यासारख्या वकिलाला फार मोलाचा वाटतो. उद्या वरच्या कोर्टात निकाल फिरला तरी, या आदेशाच्या भरवशावर खेळलेल्या खेळाडूला आणि त्याच्या संस्थेला मागाहून शिक्षा करता येणार नाही, असेही न्यायाधीशांनी बजावले. नुसता हक्क देऊन भागत नाही, हक्क वापरणाऱ्याची भीतीही घालवावी लागते. पुढे एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने दंडकच काढून टाकला. अभ्यासात पात्र असेल तो खेळाडू आता कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो.

या मोकळिकीला दुसरी बाजू नाही काय? आहे. २०२५ च्या तडजोडीनंतर तिथली विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. दरवर्षी बोली लागते, पोरगा दरवर्षी गाव बदलतो आणि पदवी मागे राहण्याचा धोका असतो. हे आम्ही नाकारत नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून खेळाडूच्या पायात पुन्हा बेडी घालणे आम्हाला मान्य नाही.

आता आपल्या घरात पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे कॉलेज भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर चालते. या योजनेच्या नियमावलीत वर्षानुवर्षे एक अट राहत आली आहे. विद्यार्थ्याने राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कम सरकारच्या मर्जीने वसूलही करता येते. ही अट किती पालकांना ठाऊक आहे? ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो पोरगा आज इथे, उद्या पुण्याला जाईल. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याचे शिक्षण शिष्यवृत्तीवर आहे, त्याच्यासाठीच हा दंडक! अमेरिकेत खेळाडूचे एक वर्ष जात होते. इथे आपल्या पोराचे शिक्षणच जाऊ शकते.

संस्था बदलणे म्हणजे उनाडपणा, असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचे शिक्षण आठवावे. १९१६ मध्ये ते कोलंबियातून लंडनला गेले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडनने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती, म्हणून १९२० मध्ये ते पुन्हा जाऊ शकले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ती मुभा नसती तर? शिष्यवृत्तीची मुदत आणि संस्थेची परवानगी यांवर एका माणसाचे भवितव्य कसे टांगलेले असते, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची असते, कॉलेजची नव्हे. विद्यार्थी जाईल तिथे ती त्याच्यामागे गेली पाहिजे. संस्थाबदलाच्या अर्जावर ठराविक मुदतीत उत्तर दिलेच पाहिजे, नाही तर परवानगी मिळाली असे समजावे. शिष्यवृत्तीपोटी सरकारकडून येणे असलेल्या रकमेसाठी टीसी अडवू नये. मूळ कागदपत्रे दाबून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितले आहे. टीसी हे फी वसुलीचे हत्यार नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये शाळांच्या प्रकरणात म्हटले आहे. तेच तत्त्व कॉलेजला का लागू नये? आणि संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, ती फक्त कागदावर ठेवण्यासाठी नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी एवढे करावे. कॉलेज बदलण्याआधी समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. टीसीचा अर्जही लेखी द्यावा. तोंडी नकारावर घरी परतू नये. "लिहून द्या" म्हणावे. लेखी नकार हातात आला की त्याला आव्हान देता येते.

धनजच्या मैदानावर बास्केटबॉलचा खांब नसेल, कबड्डीची पाटी तरी आखलेली असते. त्या पाटीची रेषा कोणी आखली हे खेळणाऱ्याला माहीत असते आणि दोघांनाही ती सारखीच लागू असते. टीसीचा नियमही तसाच असावा, यापेक्षा जास्त आम्ही काही मागत नाही.