ट्यूफ नवा, गाडी जुनी



जर्मनीत सेकंडहँड गाडी शोधणाऱ्या आपल्या माणसाला जाहिरातीतले दोन शब्द हमखास भुरळ घालतात: 'ट्यूफ नॉय'. म्हणजे तपासणी नुकतीच झाली, आता दोन वर्षं चिंता नाही! मी वाहन उद्योगात नोकरी करतो, त्यामुळे ओळखीचं कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, "गाडी चौदा वर्षांची आहे, पण ट्यूफ नवा आहे, घेऊन टाकू ना?" माझ्या उत्तराने बहुतेकांचा विरस होतो. तेव्हा ते एकदा सविस्तर लिहितो, आणि त्या निमित्ताने थोडं गाडीपलीकडचंही.

आपण सरसकट जिला 'ट्यूफ' म्हणतो ती तपासणी इथे १९५१ पासून सक्तीची आहे, आणि नंबरप्लेटवरचा गोल स्टिकर १९६१ पासून. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी; गाडी पाच वर्षांची असो की पंचवीस. स्टिकरचा रंग मुदत संपण्याच्या वर्षाप्रमाणे बदलतो (२०२६ निळा, २०२७ पिवळा), त्यामुळे मागून येणाऱ्या पोलिसाला लांबूनच कळतं. २०१० पासून धुराची तपासणीही यातच धरली जाते. सगळं मिळून अर्धा-पाऊण तासाचं काम.

या वेळात तपासनीस गाडीचा एकही भाग खोलत नाही. ब्रेक रोलरवर मोजतो, दिवे बघतो, गाडी उचलून खालचा गंज, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंगा, बॉल जॉइंट, तेलगळती पाहतो. प्रश्न एकच असतो: ही गाडी आज रस्त्यावर इतरांना धोकादायक आहे का? क्लच संपत आलाय का, टायमिंग बेल्ट कधी बदलला, गिअरबॉक्स किती दिवस टिकेल, हे त्याने बघायचंच नसतं. गेल्या वर्षी माझ्या सतरा वर्षांच्या गाडीची मागची स्प्रिंग खालच्या वेटोळ्यात तुटलेली निघाली. चालवताना काहीही जाणवत नव्हतं. स्टिकर मिळाला नाही; महिन्याच्या आत दुरुस्ती करून फेरतपासणी करावी लागली. उलट आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने नवा ट्यूफ पाहून गाडी घेतली आणि तिसऱ्या महिन्यात तिचं इंजिनच गेलं. दोन्ही वेळा तपासणीने तिचं काम चोख केलं होतं. त्या कुटुंबाला हवी होती ती हमी, आणि तपासणी ही हमी नव्हे.

दरवर्षी निघणाऱ्या ट्यूफ-अहवालाचंही असंच. अलीकडच्या अहवालांत साधारण पाचपैकी एक गाडी गंभीर दोषांमुळे नापास होते, आणि वय वाढतं तसं हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. पण नेमून दिलेल्या तपासणीआधी जो मालक गाडी गॅरेजमध्ये नेऊन दोष काढून घेतो त्याचे दोष या आकड्यांत येतच नाहीत. एखादं मॉडेल यादीत वर असतं ते कधी गाडीच्या गुणाने, कधी ते घेणाऱ्या काळजीवाहू आजोबांच्या गुणाने! आणि वय म्हणजे सर्वस्व नव्हे: २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांत सगळ्यात तळाला टेस्लाची मॉडेल थ्री होती. तेव्हा विकणाऱ्याकडे स्टिकर मागू नका, मागच्या दोन-तीन तपासण्यांचे अहवाल आणि सर्व्हिसच्या पावत्या मागा. 'किरकोळ दोष' म्हणून आधीच्या अहवालात लिहिलेला गंज पुढच्या अहवालात कुठे पोचला, ते वाचण्यासारखं असतं.

आता गाडीपलीकडचं. गणपतीत, दिवाळीत आपण जमतो तेव्हा या स्टिकरचा विषय निघाला की चर्चा ठरल्या वळणाने जाते: जर्मन शिस्त, जर्मन प्रामाणिकपणा, आणि 'आपल्या लोकांची मानसिकताच तशी'. मला हे मुळीच पटत नाही. इथली तपासणी विश्वासार्ह आहे ती प्रामुख्याने एका व्यवस्थेमुळे: जो तपासतो तो दुरुस्ती करत नाही. तुटलेल्या स्प्रिंगेतून माझ्या तपासनिसाला एक सेंटही मिळणार नव्हता. ब्रिटनमध्ये तपासणारं गॅरेजच दुरुस्तीही करू शकतं; तिथे ग्राहकाच्या मनात शंका राहणारच.

ही व्यवस्था जिथे सैल झाली तिथे जर्मन शिस्त कामी आलेली नाही. मधली काही वर्षं नव्या गाड्यांच्या धुराची तपासणी म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरलाच 'बाई गं, तू ठीक आहेस ना?' असं विचारण्यापुरती उरली होती. २०१५ मध्ये डिझेल घोटाळा उघड झाला, आणि २०१८ पासून धुराच्या नळीत प्रत्यक्ष मोजणी पुन्हा सक्तीची करावी लागली. दुसरं उदाहरण याहून भयंकर. 'ट्यूफ'चं मूळ मानहाइममध्ये १८६६ साली कारखानदारांनीच स्थापन केलेल्या बॉयलर-तपासणी संस्थेत आहे. आदल्या वर्षी तिथल्या एका ब्रुअरीत बॉयलर फुटला होता. त्याच परंपरेतल्या ट्यूफ झ्यूडच्या ब्राझीलमधल्या कंपनीने २०१८ मध्ये ब्रुमाजीन्यूचं खाणीचं धरण स्थिर असल्याचा दाखला दिला. २५ जानेवारी २०१९ ला ते फुटलं आणि २७० माणसं गेली. दाखल्याचे पैसे खाणकंपनी देत होती. ट्यूफने जबाबदारी नाकारली, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं. नाव तेच, देश तोच. तपासणाऱ्याचं आणि तपासून घेणाऱ्याचं नातं मात्र वेगळं.

गाड्यांच्या बाबतीतही हे नातं पूर्ण निर्मळ नाही, हे सांगायला हवं. बऱ्याच तपासण्या गॅरेजच्या आवारातच होतात. तपासनीस बाहेरच्या संस्थेचा असतो, पण कोणत्या संस्थेला बोलवायचं ते गॅरेज ठरवतं. सतत नापास करणाऱ्याला कितीदा बोलावतील? युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्या दरवर्षी तपासण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हाही मला हेच सुचलं: तपासणी दुप्पट म्हणजे तपासणाऱ्यांचा गल्लाही दुप्पट, आणि भुर्दंड बसणार तो रात्रपाळीच्या नर्सला, सामान पोचवणाऱ्या पोराला. जुन्या गाड्या हौसेने कोण चालवतं?

आता महाराष्ट्र. आपल्याकडे ट्रक, टेम्पो, टॅक्सीला 'पासिंग' असतं: पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, मग दरवर्षी. खासगी मोटारीला मात्र पीयूसी सोडली तर पंधरा वर्षं कुणी खालून वाकून बघत नाही. पासिंगची अवस्था काय होती? पुण्याच्या एका नागरिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं की आरटीओकडे ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक तरी असला पाहिजे! म्हणजे तोवर अनेक ठिकाणी भरल्या ट्रकचे ब्रेक नजरेनेच तपासले जात होते. दिल्लीत तर तपासणीची कटकटच नको म्हणून वयावरच बोट ठेवलं: डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा वर्षं, मग गाडी कितीही ठणठणीत असो. त्यावर २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात खल झाला.

पण २०२१ मध्ये केंद्राने यांत्रिक तपासणी केंद्रांचे नियम काढले. त्यांत स्पष्ट लिहिलंय की केंद्र चालवणाऱ्याने वाहनदुरुस्ती, वाहनविक्री किंवा सुट्या भागांचा धंदा करायचा नाही. म्हणजे मानसिकतेच्या नावाने आपण बोटं मोडत बसलो तरी कायदा करणाऱ्यांना नेमकी गोम कळलेली आहे. केंद्रं कुणाला चालवायला मिळतात, नापासांचं प्रमाण जाहीर होतं का, एजंट दाराबाहेर राहतो का, हे विचारायला हवं. आपल्यातले अनेकजण याच क्षेत्रात आहेत, सुट्टीत पुण्या-नाशकाला जातातच. पुढच्या खेपेला आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका: गेल्या वर्षी शाळेच्या किती बसगाड्या तपासल्या, आणि त्यातल्या किती नापास केल्या? उत्तर आलं की मला कळवा, पुढच्या अंकात छापू.