सतरा जणांचा परदेश

आमच्या घरात परदेशप्रवासाचा विषय प्रथम निघाला तो २०२३ च्या भाऊबीजेला. नणंदबाई सहकुटुंब आल्या होत्या, पानात अजून दोन-दोन घास शिल्लक होते, आणि थोरल्या पुतण्याने मोबाईलवरील बातमी मोठ्याने वाचून दाखविली. थायलंडने १० नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता. पुढे काही दिवसांतच मलेशियानेही १ डिसेंबरपासून तीच सवलत जाहीर केली. मुलांच्या लेखी एवढ्यावरच सहल ठरली होती. "कोण कोण जायचे?" या प्रश्नाला सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिले, "सगळे."

सगळे म्हणजे सतरा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, त्यांचे तीन मुलगे व आम्ही तिघी सुना, नणंदबाई व त्यांचे यजमान, आणि चार वर्षांपासून एकवीस वर्षांपर्यंतची आठ मुले. चौघांच्या कुटुंबाला प्रवासाचा खर्च सोसतो. तोच हिशेब चारपट केला की सहलीला लग्नकार्याचे रूप येते. म्हणून प्रथम आम्ही स्वप्ने बाजूला ठेवली आणि वही काढली.

पुतण्याला स्वित्झर्लंड हवे होते. युरोपातील शेंगेन व्हिसाचे शुल्क तेव्हा प्रौढांना ८० युरो व सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४० युरो होते. जून २०२४ पासून ते ९० व ४५ झाले आहे. आमच्यापैकी चौदा जण पूर्ण शुल्काचे, दोघे अर्ध्या शुल्काचे आणि धाकटा तेवढा मोफत. बेरीज १२०० युरो, म्हणजे लाखाच्या वर रुपये. व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाहीत. सतरापैकी पासपोर्ट होते केवळ सहा जणांचे. नव्या पासपोर्टला प्रौढांस १५०० रुपये, अल्पवयीनांस १००० रुपये, साठीपुढील व आठ वर्षांखालील अर्जदारांस दहा टक्के सूट. उरलेल्या अकरा जणांचे १३,२५० रुपये झाले. स्वित्झर्लंड तिथेच मिटले.

थायलंडचा हिशेब अधिक बोधप्रद निघाला. एका प्रवास कंपनीने माणशी ७०,००० रुपये सांगितले. सतरा जणांचे ११ लाख ९० हजार. थोरले दीर म्हणाले, "मी एकरकमी भरतो, मागाहून वाटून घेऊ." इथे आमच्या नणंदबाईंचे यजमान, जे करसल्लागार आहेत, मध्ये पडले. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा कर विक्रेता आपल्याकडून आधीच घेतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो एका पॅनवर वर्षाला सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे वीस टक्के होता. एकाच पॅनवर सारी रक्कम भरली असती तर १ लाख ३३ हजार रुपये कर कापला गेला असता. चार घरांनी आपापल्या पॅनवर भरली तर ५९,५०० रुपये. विवरणपत्र भरताना ही रक्कम वळती करून घेता येते हे खरे, पण तोवर ती अडकून पडते आणि ऐन सहलीच्या वेळी घरातून जाते. एप्रिल २०२५ पासून सात लाखांची मर्यादा दहा लाखांवर गेली. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा जाणाऱ्याने त्या वर्षीचा नियम विचारूनच पैसे भरावेत.

विमानतिकिटांचीही एक गोष्ट त्याच बैठकीत कळली. एका मागणीत नऊ जागा मागितल्या की संगणक नऊही जणांना एकाच भाड्याच्या वर्गात बसवितो. स्वस्त वर्गात चारच जागा उरल्या असतील तर त्या चारही हातच्या जातात आणि सर्वांना महाग दर लागतो. म्हणून आधी एक-दोन जागांचा दर पाहावा, मग चार-चारांचे गट करून तिकिटे काढावीत. दहा किंवा अधिक प्रवासी असतील तर विमान कंपन्या गटासाठी वेगळा दर देतात. तो नेहमी स्वस्तच असतो असे मात्र समजू नये.

हे सर्व चालू असताना मधले दीर काही बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "या वर्षी मुलांच्या परीक्षा आहेत. तुम्ही जाऊन या, आम्ही पुढच्या वेळी येऊ." परीक्षा सगळ्यांच्याच मुलांच्या होत्या आणि त्या मार्च-एप्रिलमध्ये संपणार होत्या. खरे कारण घरात प्रत्येकाला ठाऊक होते. टाळेबंदीनंतर त्यांचे कापडाचे दुकान सावरले नव्हते; चार माणसांचे २ लाख ८० हजार त्यांना पेलणारे नव्हते आणि भावाकडून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. समान वाटणी दिसायला न्याय्य असते. एकत्र कुटुंबात तिच्याइतका अन्याय क्वचित दुसरा कशाने होत असेल.

त्या रात्री सासूबाईंनी कपाटातून जुना पितळी डबा काढला. दुसऱ्या दिवशी चारही घरांना बोलावून सांगितले, की आजपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत दर महिन्याला प्रत्येकाने जमेल तेवढे पैसे बंद पाकिटात घालून या डब्यात टाकायचे. पाकिटावर नाव लिहायचे नाही. मोजायचे फक्त त्यांनी. संघात गुप्तदान चालते तर घरात का चालू नये, हा त्यांचा प्रश्न होता. आणि डब्यात जेवढे जमेल तेवढ्यात जो देश बसेल, तो आपला परदेश. मधले दीर खाली मान घालून बसले होते. पण पहिल्या महिन्यात डब्यात चार पाकिटे पडली, आणि त्यानंतर परीक्षांचा उल्लेख कोणी केला नाही.

फेब्रुवारीपर्यंत देश ठरला: नेपाळ. मुलांची नाराजी लपली नाही, "तो कसला परदेश?" असे एकाने विचारलेही. पण कागदपत्रांच्या दृष्टीने मोठ्या कुटुंबाला याहून सुलभ परदेश नाही, हे मी अनुभवाने सांगते. भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र विमानप्रवासालाही चालते. पासष्ट वर्षांपुढील व पंधरा वर्षांखालील प्रवाशांना यांपैकी काही नसले तरी छायाचित्र असलेले दुसरे ओळखपत्र पुरते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे विहित नमुन्यातील ओळखप्रमाणपत्र लागते. पती, पत्नी, अल्पवयीन मुले व आईवडील असे कुटुंब एकत्र जात असेल तर एका प्रौढाकडे ग्राह्य ओळखपत्र असल्यास बाकीच्यांकडे छायाचित्र व नाते दाखविणारे कागद चालतात, अशीही सोय नियमात आहे. आम्ही तिच्यावर विसंबलो नाही. प्रत्येकाचा कागद प्रत्येकाजवळ दिला.

तरीही दोन ठिकाणी अडलेच. सासूबाईंच्या मतदार ओळखपत्रावर नावापुढे 'बाई' होते, आधारपत्रावर नव्हते. आपल्या समाजातील त्या पिढीच्या किती स्त्रियांचे असे असेल! परतीच्या विमानाचे तिकीट ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळावे लागते, म्हणून आम्ही 'बाई'सह तिकीट काढले आणि आधारपत्र पिशवीच्या तळाशी ठेवले. दुसरी अडचण एकोणीस वर्षांच्या पुतणीची. तिने मतदार म्हणून नावच नोंदविले नव्हते. सहा नंबरचा अर्ज भरण्यासाठी जे काम घरातील कोणाचेही सांगणे करू शकले नाही, ते पोखऱ्याच्या तलावाने केले. १३ मे २०२४ ला पुण्यात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा तिने प्रथमच मत दिले, आणि १४ तारखेला आम्ही सारे बोटावरची शाई घेऊनच निघालो.

मे महिनाच निवडला, कारण थोरल्या जाऊबाईंचे वर्षीतप चालू होते. १० मेला अक्षय्यतृतीयेला त्यांचे उसाच्या रसाने पारणे झाल्यावरच निघणे शक्य होते. चातुर्मास लागण्यापूर्वी व शाळा उघडण्यापूर्वी परतायचे होते. यात एक तोटा पत्करावा लागतो, तो सांगितला पाहिजे: मे महिन्यात हिमालयावर धुरकट आवरण असते. शिखरे स्वच्छ पाहायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

जाताना आम्ही रेल्वेने लखनौ गाठले. रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावे बसतात, म्हणून तीन तिकिटे काढली. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे, हे लक्षात ठेवावे. लखनौहून अयोध्या. पाच तीर्थंकरांची ही जन्मभूमी, आणि सासूबाईंच्या मनातील यात्रा खरे तर तिथेच पूर्ण झाली. पुढे गोरखपूर आणि सोनौलीची सीमा. कमान ओलांडताना धाकट्याने विचारले, "परदेश आला का?" समोर तसेच दुकान, तशाच सायकली, तीच धूळ. मोठ्यांना हसू आवरेना.

पैशांबाबत एक सूचना. त्या वेळी शंभर रुपयांहून मोठ्या भारतीय नोटा नेपाळात चालत नसत. डब्यातील रक्कम सासूबाईंनी बँकेतून शंभराच्या गड्ड्यांत करून घेतली आणि त्या गड्ड्या चार जणींच्या पर्समध्ये विभागल्या. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून कायम आहे. त्यामुळे मुलेही तोंडी हिशेब करू लागली. मार्च २०२४ पासून युपीआयने तेथील दुकानांत पैसे देता येऊ लागले, पण डोंगरातल्या चहाच्या टपरीवर शंभराची नोटच उपयोगी पडली.

आता स्वयंपाकाविषयी, आपल्या वाचकांना याचीच काळजी अधिक असते. आम्ही महाराजांना बरोबर नेले. नेपाळात डाळ-भात सर्वत्र मिळतो, पण त्यात कांदा-लसूण असतोच, आणि भाजीत बटाटा. काठमांडूत मारवाडी भोजनालये आहेत. पोखऱ्याच्या वाटेवर ती सोय नाही. महाराजांचे मानधन व त्यांचा प्रवासखर्च धरूनही सतरा जणांचे दोन वेळचे जेवण बाहेरच्या निम्म्याहून कमी खर्चात झाले. खोल्या घेतानाच हॉटेलवाल्याला विचारावे, की स्वयंपाकघरातील एक चूल संध्याकाळी चार ते सहा मिळेल का. दोघांनी नकार दिला, तिघांनी आनंदाने दिली. खाखरे, कोरडी चटणी, भाजलेला रवा व मूगडाळ पुण्याहून नेली होती. मुलांनी मोमोचा हट्ट धरला तेव्हा महाराजांनी पनीर-कोबीचे मोमो करून दाखविले. त्यांचा आकार करंजीचाच होता.

चौविहाराचे मात्र प्रथम चुकले. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, हे आम्हाला ठाऊक होते. पण तेथे सूर्यही लवकर मावळतो. पुण्यात मे महिन्यात सातच्या सुमारास होणारा सूर्यास्त काठमांडूत आपल्या घड्याळाने साडेसहाला होतो. पहिल्या दिवशी बस घाटात अडकली, ताटे मांडेपर्यंत अंधारले, आणि सासूबाई व थोरल्या जाऊबाई पाणीसुद्धा न घेता झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून बसचालकाला आमची वेळ पाठ झाली. साडेपाच वाजले की तो स्वतःच जागा पाहून गाडी थांबवू लागला.

लुंबिनीतील अशोकाचा स्तंभ, पोखऱ्याचा फेवा तलाव, काठमांडूची देवळे, यांची वर्णने वाचकांनी इतरत्र वाचली असतील. मला आठवते ती कमल पोखरी भागातील जैन मंदिरातील सकाळ. श्वेतांबर व दिगंबर दोन्ही परंपरांना एकाच वास्तूत जागा आहे. परंपरा सांगते, की आचार्य भद्रबाहू नेपाळात ध्यानसाधना करीत होते आणि स्थूलभद्र पूर्वांचे ज्ञान घेण्यासाठी पायी तेथवर गेले. सासूबाईंनी ही कथा मुलांना मंदिराच्या पायरीवर बसून सांगितली. एकवीस वर्षांच्या पुतण्याने त्यावर विचारले, "पायी? व्हिसा नसताना?" आणि त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोखऱ्यात तीन पहाटे काहीच दिसले नाही. चौथ्या दिवशी पाच वाजता माछापुच्छ्रे शिखर अर्धा तास उघडे झाले. सतरापैकी अकरा जण झोपेत होते. मधल्या दिरांनी धावत जाऊन खोल्यांची दारे ठोठावली.

परतताना सासूबाई, थोरले दीर व थोरल्या जाऊबाई विमानाने मुंबईस आल्या, कारण त्यांचे गुडघे पुन्हा तो रस्ता सोसणार नव्हते. बाकीचे आल्या वाटेने आलो. तेरा दिवसांचा एकूण खर्च चार लाख ऐंशी हजारांच्या आसपास झाला, माणशी अठ्ठावीस हजार. जाऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे मात्र ध्यानात घ्यावे, की सप्टेंबर २०२५ मधील आंदोलनात काठमांडूचा विमानतळ बंद पडला आणि अनेक प्रवासी अडकले. विमा काढावा, आणि दोन दिवसांचा खर्च वेगळा बाजूला ठेवावा. पावसाळ्यात त्या घाटांत दरडी कोसळतात. जूनच्या मध्यानंतर लहान मुलांना घेऊन जाऊ नये.

डब्यात किती जमले होते, कोणी किती टाकले, कमी पडले ते कुठून आले, हे सासूबाईंनी आजतागायत सांगितलेले नाही. थोरल्या दिरांनी एकदा विचारून पाहिले, तेव्हा त्यांना चहा गार होत असल्याची आठवण करून देण्यात आली. डबा पुन्हा कपाटात गेला आहे, आणि गेल्या भाऊबीजेला मी त्यात एक पाकीट पाहिले. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ अजून पंधरा मिनिटे पुढेच आहे. चौविहाराला उशीर होत नाही, असे त्या म्हणतात.