घर पुरे कोणी करायचे?

चार्ल्स कोरिया आणि बाळकृष्ण दोशी ही नावे आमच्याकडे जोडीने घेतात आणि ‘भारतीय’ या एकाच विशेषणात गुंडाळून ठेवतात. अंगण, ओसरी, ऊन, वारा एवढे शब्द उच्चारले की समीक्षा संपली! हा निव्वळ आळस आहे. दोघेही आधुनिक खरे. पण गरिबाचे घर पुरे कोणी करायचे, या प्रश्नाशी त्यांच्या वाटा फुटतात.

कोरिया (१९३०–२०१५) घराण्याने गोव्याचे, अमेरिकेत शिकलेले, मुंबईत स्थिरावलेले. दोशी (१९२७–२०२३) पुण्याचे, जे. जे. मधले शिक्षण अर्धे टाकून निघाले, १९५१ पासून पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली राबले आणि पुढे अहमदाबादचेच झाले. कोरियांचे नाव निघाले की बत्तीस सदनिकांच्या उंच ‘कांचनजंगा’चे छायाचित्र पुढे येते. वास्तविक त्यांची थोरवी शोधायची ती बेलापुरात. तिथे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी सात-सात घरे एकेका चौकाभोवती मांडली. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही. हेतू हा, की ज्याने त्याने आपले घर वाढवावे.

दोशी याही पुढे गेले. इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत सुमारे साडेसहा हजार भूखंड. लहानात लहान पस्तीस चौरस मीटरचा. नमुन्याची ऐंशी घरे बांधून दाखवली. बाकी गरिबाच्या हाती दिले ते जोते, पाणी, गटार, शौचालय. पुढचे ज्याचे त्याने, जमेल तेव्हा.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अर्धे घर देणे म्हणजे सरकारने अंग काढून घेणे. मला हे मान्य नाही. भिंत गरीब माणूस उभारतो. आयुष्यभर उभारतच असतो. गटार, नळ आणि जमिनीचा हक्क मात्र त्याला एकट्याने उभारता येत नाही. दोशींनी नेमके तेवढे दिले. मी मास्तर आहे. गणित सोडवून देणारा आणि रीत दाखवून बाजूला होणारा, यांतला फरक मला कळतो.

बेलापुरात पुष्कळांनी मूळची कौलारू घरे पाडून मजल्यांवर मजले चढवले. जाणकार हळहळतात: कलाकृती गेली! अहो, कलाकृती गेली असेल, कुटुंब राहिले. पण कोरियांचे घर पुरे होते, म्हणून वाढताना कित्येकांना ते पाडावे लागले. दोशींनी अपुरे दिले. तिथे वाढ हाच बांधणीचा पहिला नियम होता. म्हणून मी दोशींना झुकते माप देतो. शहराचा विचार कोरियांचा मोठा. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना त्यांनी १९६४–६५ मध्येच मांडली होती. पण रहिवाशावरचा विश्वास दोशींचा मोठा.

आणि आम्ही? झोपडी हटवून माणसाला उंच इमारतीतल्या खोलीत कोंबतो. तिथे मुलाचे लग्न झाले, नातू आला, तरी भिंत वीतभरही सरकत नाही. ते घर पहिल्याच दिवशी पुरे झालेले असते. माणसाला त्यात करायला काही उरत नाही. कोरिया-दोशींच्या शैलीवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा तो जिना चढून यावे.