माहूरची रेणुका आणि आपली पाठचिकित्सा

गेल्या वर्षी शारदीय नवरात्रात माहूरला तीन दिवस राहण्याचा योग आला. नांदेड जिल्ह्यातील हे डोंगरावरचे गाव साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. रेणुकेचे मंदिर एका डोंगरावर, दत्त आणि अनसूया यांची स्थाने जवळच्याच शिखरांवर. दर्शनाची रांग पहाटेपासून लागते. घटातल्या मातीत धान्य उगवू लागलेले असते आणि खलात कुटलेल्या विड्याच्या तांबुलाचा प्रसाद हातोहात पुढे जात असतो. ध्वनिक्षेपकावरील गीतांच्या कल्लोळात एका गोंधळ्याचा आवाज मात्र पार बुडून गेला होता, याची खंत वाटली.

माहूरच्या देवीचा केवळ मुखवटा आहे, धड नाही. आपल्या अभ्यासवर्तुळात या शिराचा अर्थ जवळजवळ ठरून गेलेला आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथा सर्वपरिचित आहे : जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा वध केला आणि मग वर मागून तिला जिवंत केले. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाने रेणुका-यल्लम्मेचा विचार मातृदेवतेच्या आदिम उपासनेपर्यंत नेला. या ग्रंथाचे ऋण मान्य केल्याशिवाय या विषयावर एक ओळही लिहिता येणार नाही. तथापि एक दुष्परिणाम असा झाला की, मुखवटा दिसताच आपण एक तर शिरच्छेदाकडे धावतो किंवा भूमातेकडे. त्या स्थळी लोक काय सांगतात, ते विचारण्याचे राहून जाते.

माहूरची कथा निराळी आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नीला मारल्यावर परशुराम पित्याचा देह कावडीत घालून येथे आला. दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितला, रेणुका सती गेली. शोकाकुल पुत्राला आकाशवाणी झाली की, माता भूमीतून प्रकट होईल, मागे पाहू नकोस. त्याला राहवले नाही. त्याने मागे पाहिले आणि तोवर मुखच तेवढे वर आले होते.

रांगेत माझ्यापुढे किनवटकडील एक वृद्धा नातीला हीच कथा सांगत होती. सती जाण्याचा भाग तिने एका वाक्यात उरकला. ‘लेकराला धीर धरवला नाही, म्हणून मायचं तोंडच वर आलं,’ ती म्हणाली. नातीने विचारले, ‘मग त्याचं चुकलं का?’ म्हातारी क्षणभर थांबली. ‘माय दिसंना म्हटल्यावर कोण वाट पाहील?’

पुराणकथेत दोष स्त्रीच्या मनाचा आहे आणि त्याला दंड आहे. येथे आईवर दोषाचा लवलेशही नाही. मुलाची चूक आहे, पण तीही सांगणारीने क्षम्य ठरवली आहे. साताऱ्याहून येऊन माहूरला राहिलेल्या विष्णुदासांच्या पदांतली रेणुका प्रामुख्याने ‘माय’ का आहे, याचाही विचार या कथेच्या प्रकाशात व्हायला हवा.

येथे एक रास्त शंका निघेल. मातृवधाची अवघड स्मृती झाकण्यासाठीच ही सौम्य कथा रचली गेली नसेल कशावरून? दत्तात्रेयांचे पौरोहित्य आणि सहगमन हे तपशील उत्तरकालीन संस्कारच सुचवतात, असे म्हणता येईल. मला ही शंका मान्य आहे. परंतु झाकणे हीदेखील एक वाङ्मयीन कृती आहे. कोणी, कोणासाठी, काय झाकले, हा प्रश्न ‘मूळ रूप कोणते?’ या प्रश्नाहून कमी मोलाचा नाही. आणि म्हातारीचे शेवटचे वाक्य तर कोणत्याच मूळ रूपात सापडणार नाही.

हे मी उशिरा शिकलो, हे कबूल केले पाहिजे. आठ वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी याच कथेची तीन कथने मिळवली होती. मी ती ‘पुराणकथेची स्थानिक रूपांतरे’ या शीर्षकाखाली परिशिष्टात ढकलायला लावली. कथा सांगून झाल्यावर बायका आपसांत जे बोलल्या होत्या, ती चार पाने ‘विषयांतर’ असा शेरा मारून काढून टाकवली. माहूरहून परतल्यावर मी ती पाने तिच्याकडे मागितली. तिच्याजवळ ती नव्हती. ध्वनिमुद्रण ज्या भ्रमणध्वनीत होते, तोही बदलला गेला होता. तिघींपैकी दोघी आता हयात नाहीत. प्रबंध मात्र ग्रंथालयात आहे, परिशिष्टासह, आणि त्याला उत्तम गुण मिळाले होते.

आपल्या विभागांतील लोकसाहित्याचे बहुसंख्य प्रबंध याच साच्याचे आहेत. ओव्या, गोंधळगीते, दैवतकथा यांचे संकलन आणि वर्गीकरण होते. सांगणारीचे वय नोंदले जाते, तिचे मत नोंदले जात नाही. माहूरच्या रांगेत मला बंजारा बोली ऐकू येत होती, तेलुगूही येत होती. त्या भाषांत परशुराम मागे पाहतो की नाही, हे शोधायला आपल्यापैकी कोणीतरी गेले पाहिजे.

यंदा दोन विद्यार्थी किनवट परिसरात संकलनाला जाणार आहेत. कथा संपली तरी ध्वनिमुद्रण बंद करू नका, एवढेच मी त्यांना बजावले आहे.