आधी करार, मग डाव

समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळताना लबाडी करायला धाडस लागते. भोवती चारजण बसलेले असतात. मोहऱ्याला हात लावला की ते चालवावेच लागते, आणि कुणी चाल मागे घेतली की लगेच आरडाओरडा होतो. पण दोन गावांत राहून, दिवसाला एक चाल अशा बेताने खेळताना समोरच्याचा हातही दिसत नाही आणि चेहराही. तिथे सगळी भिस्त शब्दावर असते.

आमच्या निरवांगीतली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी बारामतीला, पुण्याला जातात. त्यांचे गावातल्या मित्राशी व्हॉट्सअ‍ॅपवर असे डाव चालू असतात. एक उसाला पाणी देताना चाल कळवतो, दुसरा कंपनीच्या बसमध्ये बसून उत्तर देतो. मैत्री टिकवायला याहून स्वस्त साधन नाही. तरी याच खेळावरून माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांशी अबोला धरला आहे. एकाने चाली कॉम्प्युटरला विचारल्या, हा दुसऱ्याचा राग. पहिला म्हणतो, "विचारायचे नाही असे ठरले कुठे होते?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पत्राद्वारे बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयसीसीएफ आपल्या स्पर्धांत कॉम्प्युटरची मदत चालू देते. उलट लिचेस किंवा चेस डॉट कॉमवर अनेक दिवस चालणाऱ्या डावात सुरुवातीच्या चालींची पुस्तके पाहता येतात, पण इंजिनला चाल विचारणे ही फसवणूक ठरते. खेळ एकच, नियम दोन. म्हणजे पाप यंत्रात नाही, ठरलेले मोडण्यात आहे. आणि काहीच ठरलेले नसेल, तर दोघेही आपल्या मनातला नियम दुसऱ्यावर लादत असतात.

पोस्टाने डाव चालत तेव्हा लोक याबाबत जास्त काटेकोर होते. कार्डावर आपली चाल लिहायची, समोरच्याची मागची चाल पुन्हा लिहायची, आणि पत्र कधी मिळाले व उत्तर कधी टाकले त्या तारखाही द्यायच्या. वेळेचा हिशेब त्या तारखांवर चाले. घड्याळ नव्हते. पोस्टाचा शिक्का होता आणि माणसाचा प्रामाणिकपणा होता.

1824 ते 1828 या काळात लंडन आणि एडिंबरो यांच्यात असा सामना झाला. लंडनने एक चाल पाठवली आणि मग ती मागे घेऊ पाहिली. एडिंबरोने ऐकले नाही. टपालात पडलेली चाल ही हात लावलेल्या मोहऱ्यासारखीच. आपल्या दख्खनलाही हे नवीन नाही. 1828-29 मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने डाव झाले. ते डाव असलेले पुस्तक 1829 मध्ये मद्रासला छापले गेले, आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक होते गुलाम कासिम.

कॉम्प्युटरपेक्षाही वाईट खोड मला वाटते ती गप्प बसण्याची. डाव हातचा जातोय असे दिसले की काहीजण उत्तरच देत नाहीत. मुदत तीन दिवसांची असेल तर तिन्ही दिवस ओढतात. नियमात बसते, पण रीतीत बसत नाही. समोरच्याचा वेळ ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. घरात आजारपण असेल, परीक्षा असेल, तर एका ओळीत कळवावे. हरलो असू तर तसे म्हणावे आणि नवा डाव मांडावा.

संशयाचीही रीत असते. समोरचा अचानक चांगला खेळू लागला म्हणून गावाच्या ग्रुपवर त्याला चोर ठरवू नये. कदाचित त्याने खरोखर अभ्यास केला असेल. आधी एकट्याला फोन करून विचारावे. उत्तर पटले नाही तर त्याच्याशी खेळू नये, पण चारचौघांत त्याची अब्रू काढू नये.

शह, मात, प्यादे हे शब्द फारसीतून मराठीत आले. 'करार' हा अरबी शब्दही त्याच वाटेने आला. मराठीत त्याचा अर्थ दोघांनी ठरवलेली गोष्ट. उर्दूत तो अर्थ आहेच, शिवाय मनाचे स्वास्थ्य असाही एक अर्थ आहे. मुलांना माझे सांगणे एवढेच, की पहिले प्यादे हलवण्याआधी तीन ओळी लिहून पाठवा: मदत कोणती चालेल, उत्तर किती दिवसांत, आणि अडचण आली तर काय. पुढचे भांडण तिथेच मिटते.