निर्दोष उच्चारांची किंमत

अमेरिकेत लहानपणी येऊन कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांची बाजू मांडणारे लेखन गेल्या पंचवीस वर्षांत उदंड झाले. आत्मपर लेख, मुलाखती, माहितीपट, सभांतील निवेदने, तिथल्या संसदेपुढच्या साक्षी असा त्याचा पसारा आहे. त्यामागील कळकळीविषयी आम्हांला शंका नाही. आमचा आक्षेप त्याच्या पात्रयोजनेवर आहे. या लेखनाचा नायक किंवा नायिका जवळजवळ ठरलेली असते: आईवडिलांनी कडेवरून आणलेली, शाळेत सदैव पहिली, पदवीदानाचा झगा आणि चौकोनी टोपी घालून छायाचित्राला उभी राहिलेली, वाहन परवाना काढायला किंवा महाविद्यालयाचा अर्ज भरायला गेली असता आपल्याकडे कागद नाहीत हे प्रथमच कळून हादरलेली. आणि ती बोलू लागली की तिच्या इंग्रजीत परकेपणाचा मागमूस नसतो. डोळे मिटून ऐकावे तर ही ओहायोत जन्मली असे वाटावे. हे शेवटचे लक्षण कुणी मोठ्याने सांगत नाही. आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हा नायक निवडताना त्याच्या कैवाऱ्यांनी प्रतिपक्षाची कसोटी निमूट मान्य केली. 'तो परका आहे' या आरोपाला 'परका असला म्हणून काय झाले?' असे उत्तर देता आले असते. त्याऐवजी 'तो परका वाटतच नाही, ऐकून पाहा' असे उत्तर दिले गेले. पहिले उत्तर हक्काची भाषा बोलते, दुसरे परीक्षेची. आणि परीक्षा म्हटली की कुणीतरी नापास होणे ओघानेच आले.

ही प्रतिमा कशी घडली ते पाहणे उद्‌बोधक आहे. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा करून कागदपत्रे नसलेल्या मुलांना सरकारी शाळांचे दार बंद करण्याची सोय केली. १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरवला. आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकरांना देणे न्यायाला धरून नाही, हा त्या निकालातील एक प्रमुख युक्तिवाद होता. निकाल मोठाच होता. पण पुढे त्यातला हा एकच धागा पिळून पिळून राजकारणाचा दोर वळला गेला. 'स्वतःचा काहीही दोष नसताना' हे शब्द प्रत्येक भाषणात येऊ लागले. १ ऑगस्ट २००१ रोजी सिनेटर डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच यांनी 'ड्रीम' विधेयक मांडले. त्याची प्रेरणा होती शिकागोत वाढलेली टेरेझा ली ही कोरियन कुटुंबातील मुलगी, असामान्य पियानोवादक. ज्या सुनावणीसाठी तिने यायचे होते ती १२ सप्टेंबर २००१ला ठरली होती. आदल्या दिवशीच्या हल्ल्यांनंतर ती अर्थातच झाली नाही. विधेयकाच्या नावात स्वप्न आहे खरे, पण त्या आद्याक्षरांतला 'ए' हा 'एलियन'चा, म्हणजे परकीयाचाच आहे, हे किती जणांच्या ध्यानात राहिले? डिसेंबर २०१० मध्ये ते प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये साठ मतांची गरज असताना पंचावन्नांवर अडले.

आपल्या भाषेत 'निर्दोष' हा शब्द दोन्हीकडे चालतो: आरोपी निर्दोष असतो आणि उच्चारही निर्दोष असतात. ड्रीमरच्या प्रतिमेत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले. ज्याचा दोष नाही त्याच्या बोलण्यातही दोष नसावा, आणि ज्याच्या बोलण्यात दोष नाही त्याच्या हातून गुन्हा कसा घडेल, असे हे वर्तुळ आहे. समाजशास्त्रज्ञ वॉल्टर निकोल्स यांनी २०१३च्या आपल्या ग्रंथात या चळवळीने स्वतःची मांडणी कशी केली ते तपशिलाने दाखवले आहे: ही मुले अमेरिकी संस्कृतीत मुरलेली आहेत, ती हुशार आहेत, आणि देशात येण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. या तिन्ही विधानांत खोटे काही नाही. पण प्रत्येक विधान जितक्यांना आत घेते त्याहून अधिकांना बाहेर ठेवते.

उच्चारांचा मुद्दा आम्ही ओढून आणलेला नाही. पत्रकार होसे अँटोनियो वार्गास यांनी जून २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत आपल्याकडे कागदपत्रे नसल्याचे जाहीर केले. १९९३ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी ते फिलिपिन्समधून कॅलिफोर्नियात आले. बोलण्यातील फिलिपिनो हेल जावा म्हणून चित्रपटांच्या टेपा थांबवून थांबवून त्यांनी पात्रांचे उच्चार कसे गिरवले, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पुरेसे कष्ट केले, पुरेसे यश मिळवले, की बक्षीस म्हणून नागरिकत्व मिळेल अशी समजूत आपण करून घेतली होती, असेही ते लिहितात. वार्गास यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. चीड येते ती त्या लेखाच्या वाचनपद्धतीची. एका मुलाला स्वतःचा आवाज पुसून टाकावा लागला, ही त्या कथेतील जखम आहे. कैवाऱ्यांनी ती पदकासारखी छातीवर लावली.

रोझिना लिपी-ग्रीन यांच्या १९९७च्या ग्रंथाचा गाभाच हा आहे की 'हेल नसलेली भाषा' ही एक दंतकथा आहे. हेल सर्वांनाच असतो. काहींचा ऐकू येतो, काहींचा येत नाही, आणि कुणाचा ऐकू यावा हे सत्ता ठरवते. जॉन बॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याहून बोलके आहेत. एकाच माणसाने घर भाड्याने हवे म्हणून घरमालकांना दूरध्वनी केले: कधी गोऱ्यांच्या प्रमाण इंग्रजीत, कधी कृष्णवर्णीयांच्या, कधी मेक्सिकन वळणाच्या इंग्रजीत. गोऱ्या वस्तीत दुसऱ्या व तिसऱ्या आवाजाला घर दाखवण्याची वेळ कमी वेळा मिळाली. नुसत्या 'हॅलो'वरून बोलणारा कोणत्या वंशाचा हे श्रोत्यांना बऱ्याच अंशी ओळखता येत होते, असेही त्यांनी दाखवले. कान हाही वर्ण पाहतो. तेव्हा 'आम्ही वंशाविषयी बोलत नाही, फक्त स्पष्ट बोलणारा प्रवक्ता निवडतो' हा बचाव टिकणारा नाही.

या निवडीची पहिली किंमत आईवडिलांनी मोजली. मुलगा निर्दोष ठरण्यासाठी कुणीतरी दोषी असावे लागते. कथेत आई असते, पण स्वयंपाकघरात. तिचे कष्ट मुलगा सांगतो, तिचे इंग्रजी ऐकू येऊ दिले जात नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी नागरिक मुलांच्या पालकांसाठी सवलत जाहीर केली खरी, पण त्याच भाषणात हद्दपारीसाठी 'गुन्हेगार, कुटुंबे नव्हेत' अशी विभागणीही केली, जणू गुन्हेगारांना कुटुंब नसते. ती सवलत न्यायालयांत अडकली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील चार-चार अशा समसमान मतांनी संपली. दुसरी किंमत कृष्णवर्णीय स्थलांतरितांनी मोजली. ज्या वस्त्यांत पोलिसांची पाळत अधिक, तिथे किरकोळ आरोपही अधिक. आणि 'निष्कलंक' ही अट घातली की तो अन्याय स्थलांतराच्या कायद्यात आपोआप उतरतो. २०१६ मध्ये 'अनडॉक्युब्लॅक' ही वेगळी संघटना उभारावी लागली यातच सारे आले.

ही चाल नवी नाही. तिचा एक जुना नमुना भारतीयांच्याच इतिहासात आहे. त्या काळी अमेरिकेचे नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शके. पंजाबातून आलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले भगतसिंग थिंड यांनी या वंशभेदावर हल्ला चढवला नाही. आपण उच्चवर्णीय, आर्यवंशीय, म्हणून गोरेच आहोत, असा दावा त्यांच्या बाजूने करण्यात आला. उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिम जमातींशी सोयरीक टाळतो, अमेरिकी माणूस कृष्णवर्णीयांशी टाळतो तशीच, असा दाखलाही पुढे केला गेला! १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीत हा गोरा नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले स्थलांतरित होते. त्यानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. त्यांपैकी वैष्णोदास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. दुसऱ्याला खाली ढकलून आपण वर चढू पाहतो तेव्हा शिडी कुणाच्या हातात आहे हे विसरतो, इतकाच याचा अर्थ.

यावर कैवाऱ्यांचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे, आणि ते हलके नाही. राजकारणात जे पदरात पडते ते घ्यावे. या प्रतिमेनेच जून २०१२ मध्ये 'डाका' योजना मिळाली, आठ लाखांहून अधिक तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण आणि कामाचा परवाना मिळाला. तुमच्या तात्त्विक शुद्धतेने किती परवाने मिळाले? प्रश्न रास्त आहे. परंतु हिशोब पुरा मांडावा. डाका हा कायदा नव्हे, दोन-दोन वर्षांनी नूतनीकरण करावी लागणारी प्रशासकीय मेहरबानी आहे. २०१७ मध्ये ती मागे घेतली गेली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी वाचवली, आणि २०२१ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाच्या निकालाने नव्या अर्जांना मंजुरी थांबली. १५ जून २००७ पूर्वीपासून अमेरिकेत वास्तव्य ही तिची अट आहे. म्हणजे २०२५ मध्ये अठराव्या वर्षी शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना, हुशार असोत वा नसोत, तिचा काडीचा उपयोग नाही. उलट या योजनेतले सर्वांत मोठे लाभार्थी आता चाळिशी ओलांडून गेले आहेत. छायाचित्रातील चौकोनी टोपी मात्र अजून डोक्यावरून उतरलेली नाही.

आणि ज्या कसोटीला आपण मान तुकवली ती आता रस्त्यावर उतरली आहे. २०२५च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस परिसरात धरपकड सुरू झाली तेव्हा ११ जुलै रोजी एका संघराज्य न्यायाधीशांनी आदेश दिला की चार गोष्टींच्या आधारावरच कुणाला अडवता येणार नाही: दिसणारा वंश, स्पॅनिश किंवा हेल असलेले इंग्रजी बोलणे, विशिष्ट ठिकाणी असणे, आणि कामाचा प्रकार. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. चळवळीने पंचवीस वर्षे जे झाकले, तेच शासनाने उघडपणे हेरायला घेतले. 'हेल असणे हा संशयाचा आधार नव्हे' हे आता कोणत्या तोंडाने सांगणार? आपण तर आजवर हेल नसल्याचाच पुरावा देत आलो.

अमेरिकेतील मराठी समाजाने हे सारे परक्याचे दुखणे म्हणून वाचू नये. 'आम्ही रांगेत उभे राहून आलो' हे वाक्य तिथल्या मराठी बैठकींत परिचयाचे आहे. पण एच-वन-बीवर गेलेल्या आईबापांबरोबर लहानपणी आलेल्या मुलांचा अवलंबित व्हिसा एकवीस वर्षे पुरी झाली की संपतो, आणि हिरव्या कार्डाची रांग त्याहून लांब असते. जून २०१२ मध्ये कायदेशीर दर्जा होता म्हणूनच अशा मुलांना डाकाही मिळाले नाही. त्यांच्यासाठी 'कागदपत्रे असलेले ड्रीमर' हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. मागणी न्याय्य आहे. पण त्या विशेषणात शेजारच्या मेक्सिकन मुलापासून अंतर राखण्याची जी घाई आहे, तिला थिंड यांच्या अर्जाचा वास येतो. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये अमेरिकेत सव्वासात लाखांच्या आसपास भारतीय कागदपत्रांविना होते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातील १०४ हद्दपार भारतीयांत महाराष्ट्रातीलही तिघे होते. आणि अडवणारा शिपाई व्हिसा नंतर विचारतो. आधी रंग पाहतो आणि बोलणे ऐकतो.

या पेचातून वाट काढणारे त्या तरुणांतूनच निघाले, हे येथे नमूद केले पाहिजे. १० मार्च २०१० रोजी शिकागोच्या फेडरल प्लाझात काही तरुणांनी आपली नावे सांगून आपल्याकडे कागद नाहीत आणि आपल्याला भय नाही, असे जाहीर केले. पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी 'ड्रीमर' हे बिरूदच नाकारले, आईवडिलांना दोषी ठरवणारे वाक्य उच्चारायचे सोडले. हा आवाज क्षमा मागत नव्हता. मदतीला धावलेल्या सज्जनांना तो फारसा रुचला नाही यात नवल नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना यात काम आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हापासून मराठी समीक्षेला हे कळायला हवे होते की सहानुभूती मिळवणे आणि समोरच्याला आपले ऐकायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी भाषा धुऊन पुसून आणावी लागते. दुसरीसाठी ऐकणाऱ्याने आपला कान बदलायचा असतो. तेव्हा अशी निवेदने वाचताना नायकाच्या गुणपत्रिकेने भारावून जाण्याऐवजी विचारावे की या कथेत कोण बोलत नाही, कुणाचे बोलणे दुसराच सांगतो, आणि नापास झालेल्या, गवंडीकाम करणाऱ्या, अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या भावाला या युक्तिवादात जागा आहे का. त्याला जागा नसेल तर तो युक्तिवाद हक्काचा नव्हे. ते शिफारसपत्र आहे. शिफारसपत्राने फार तर नोकरी मिळते. देश मिळत नाही.